धुराच्या गाडीचं देणं

दिवस पहिला

सहकारी बँकेच्या कर्जखात्यात तीस वर्षं काढली, त्याची एक खोड अंगात राहिली आहे. कागद कुणाचाही असो, समोर पडला की वाचायचा. जानेवारी २०२५. नैरोबीला धाकट्या बहिणीकडे पोचले, हातपाय धुऊन चहाला बसले, तर टेबलावर आमच्या जावयांच्या मालाचं बिल पडलेलं. पॅकिंगची प्लास्टिक फिल्म मागवतात ते, थोडी आपल्याकडून, थोडी दुबईहून. कस्टम ड्युटी, व्हॅट, आणखी एक फी, आणि त्याखाली एक ओळ : रेल्वे डेव्हलपमेंट लेव्ही.

"हे काय? तुमचा माल रेल्वेनं येतो?"

"ताई, माल विमानानं आला तरी हे लागतं. मी बंदरावरून डोक्यावर वाहून आणला तरी लागेल."

२०१३ साली केनियानं हा कर बसवला. बाहेरून देशात येणाऱ्या मालाच्या किमतीवर दीड टक्का. कमीजास्त होत होत तो आता दोन टक्क्यांवर आलाय. आधी मोंबासा बंदर ते नैरोबी ही नवी रेल्वे बांधायला, आणि आता तिचे हप्ते फेडायला.

"मग ती रेल्वे बघितलीच पाहिजे," मी म्हटलं.

बहीण वैतागली. "तू सिंह बघायला आलीस ना?"

सिंह काही पळून जात नव्हते.

दिवस दुसरा

सकाळी नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात गेलो. जुनी वाफेची इंजिनं उन्हात रांगेनं उभी आहेत, पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढतात. आतल्या खोल्यांत घंटा, कंदील, ताटल्या, तिकिटं छापायचं यंत्र. बोरीबंदरच्या एखाद्या जुन्या कोठीघरात शिरल्यासारखं वाटलं.

हे शहरच मुळी रेल्वेनं जन्माला घातलेलं. इंग्रजांनी १८९६ साली मोंबासाहून रूळ टाकायला घेतले, व्हिक्टोरिया सरोवर गाठायला. १८९९ मध्ये काम इथल्या दलदलीपाशी आलं. मसाई लोकांच्या भाषेत तिथल्या ओढ्याचं नाव 'थंड पाणी' अशा अर्थाचं, त्याचंच पुढं नैरोबी झालं. इथे डेपो टाकला, डेपोभोवती तंबू, तंबूंभोवती दुकानं. १९०१ मध्ये रूळ किसुमूला सरोवराच्या काठी पोचले. खर्च सुमारे ५५ लाख पौंड. त्या काळी ब्रिटनच्या संसदेतही या खर्चावरून जुंपली होती. हेन्री लाबूशेर नावाच्या सदस्यानं ही वेड्यांची रेल्वे आहे असं हिणवलं, आणि ते नाव जे चिकटलं ते आजतागायत. म्हणजे या देशात 'एवढी महाग रेल्वे कशाला?' हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे. फरक एवढाच की तेव्हा तो विचारणारे लंडनला बसले होते, आणि ज्यांच्या जमिनीतून रूळ गेले त्यांना कुणी विचारणारंच नव्हतं. नांदी लोकांनी हत्यार उचललं. त्यांच्या एका भविष्यवेत्त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणतात, की समुद्राकडून धूर ओकणारा साप येईल. त्यांचा म्होरक्या कोइतालेल अराप सामोई याला इंग्रजांनी १९०५ मध्ये बोलणी करायला बोलावून गोळी घातली.

ही रेल्वे घातली ती आपल्याकडच्या माणसांनी. जवळजवळ ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास मेले. साडेसहा हजारांहून अधिक तिथेच राहिले, बाकीचे परतले. गोव्याची माणसं मागून आली, ती कारकून म्हणून. आवारात एक डबा उभा आहे, १९०० सालचा. किमा स्टेशनवर नरभक्षक सिंहाला मारायला एक गोरा पोलीस अधिकारी, चार्ल्स रायल, या डब्यात रात्री दबा धरून बसला. त्याला डुलकी लागली आणि सिंहच आत शिरून त्याला घेऊन गेला. बहिणीनं मला कोपरानं ढोसलं, "बघितलास ना सिंह?"

माहिती सांगणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दोन शब्द शिकवले. आगगाडीला स्वाहिलीत म्हणतात 'गारी ला मोशी', धुराची गाडी. गारी म्हणजे आपलीच गाडी, समुद्र ओलांडून गेलेली. आणि कर्जाला म्हणतात 'देनी'. हा अरबीतून आला म्हणे, पण मला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

दिवस तिसरा

नैरोबीचं नवं टर्मिनस शहरात नाही, वीसेक किलोमीटरवर स्योकिमाऊला आहे. सकाळी सहालाच निघालो. तिकीट पहिल्याच दिवशी बहिणीनं मोबाइलवरून काढलं होतं, पैसेही मोबाइलवरूनच. साध्या वर्गाला १,५०० शिलिंग, आपले हजारेक रुपये. २०१७ मध्ये सुरुवातीला हेच तिकीट ७०० होतं, मग हजार झालं, आणि २०२४ च्या जानेवारीत दीड हजार.

दारात सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर एका ओळीत मांडायला लावतात. आपण मागे सरायचं, मग एक कुत्रं येऊन ओळीवरून हुंगत जातं. माझ्या बॅगेपाशी ते जरा रेंगाळलं. आत मेतकूट होतं.

मी विरारची. आयुष्यभर सकाळच्या लोकलला लोंबकळलेल्या माणसाला हे स्टेशन म्हणजे लग्नाचा हॉल वाटावा. चकचकीत फरशी, टोप्या घातलेल्या पोरी डब्याच्या दाराशी ताठ उभ्या, आठची गाडी ठीक आठला हलली. नाव मादाराका एक्स्प्रेस. मादाराका म्हणजे स्वशासन. १ जून १९६३ ला केनियाला ते मिळालं, त्या दिवसाच्या नावानं ही गाडी ३१ मे २०१७ रोजी अध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी सुरू केली. साधारण ४७० किलोमीटर. जुन्या गाडीला मोंबासा गाठायला कधी रात्र लागायची, कधी रात्र आणि वर अर्धा दिवस. ही जलद असली तर पाच तास, आमच्यासारखी मधल्या स्टेशनांवर थांबणारी असली तर सहा.

समोर नर्सिंगला शिकणारी एक मुलगी बसली होती, किलिफीला आईकडे निघालेली. तिच्या शेजारी हॅट घातलेले एक आजोबा. इथे वडीलधाऱ्याला 'म्झे' म्हणतात.

मी विचारलं, "गाडी आवडते?"

"आवडते तर! आधी रात्रीच्या बसनं जायचे. आई पहाटेपर्यंत जागी असायची, पोचल्याचा फोन येईपर्यंत." सणाच्या दिवसांत तिकीट मिळत नाही म्हणून मात्र ती चिडलेली होती.

"मग लोक रागावलेत ते कशावर?"

"गाडीवर कोण रागावलंय?" ती म्हणाली. आणि मग २५ जून २०२४ ची गोष्ट सांगू लागली. त्या दिवशी नैरोबीत तरुण पोरं संसदेत घुसली, गोळीबार झाला, माणसं मेली. सरकारचं करांचं नवं विधेयक होतं, पावावर सोळा टक्के व्हॅट सुचवलेला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रुटो यांनी ते मागे घेतलं. ही पोरगी त्या गर्दीत होती. "सरकार म्हणतं कर्ज फेडायचंय. कुणाचं कर्ज? सह्या झाल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मला कुणी कागद दाखवला?"

म्झे खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "मलाही नाही दाखवला."

दुपारी सावोचं राष्ट्रीय उद्यान आलं. तांबडी माती, तांबडे हत्ती. माती अंगावर उडवून घेतात म्हणून त्यांचा रंग तसा. नवे रूळ उंच भरावावरून जातात आणि खाली हत्तींना इकडून तिकडे जायला पूल सोडलेत. एका बाजूला जुना मीटर गेज रूळ गवतात बुडालेला दिसत राहतो, दुसऱ्या बाजूला हमरस्ता, त्यावर ट्रकांची रांग. तिन्ही एकाच दिशेला. तो रस्ता मी लक्षात ठेवला.

रात्री मोंबासाच्या लॉजवर पंख्याखाली बसून ते कागद मोबाइलवर वाचले. मुलीला दाखवले नव्हते, पण २०२२ च्या नोव्हेंबरात नव्या सरकारचे वाहतूकमंत्री किपचुंबा मुरकोमेन यांनी कर्जाचे करार उघड केले. तोवर आठ वर्षं ते गुपित होते. धंद्याची नजर म्हणून सांगते : चीनच्या एक्झिम बँकेनं २०१४ मध्ये दोन कर्जं दिली, मिळून सव्वातीन अब्ज डॉलरच्या आसपास. निम्मं सवलतीचं, २ टक्के व्याज, मुदत २० वर्षं, पहिली सात वर्षं मुद्दल मागायचं नाही. इथपर्यंत मी सही केली असती. दुसरं निम्मं मात्र व्यापारी दरानं, लंडनचा बाजारदर अधिक ३.६ टक्के, म्हणजे फिरतं व्याज, मुदत १५ वर्षं, सवलत पाचच वर्षं. देणं डॉलरमध्ये, कमाई शिलिंगमध्ये. बांधणाराही चिनी, सरकारी कंपनी. भांडण झालं तर निवाडा बीजिंगला. आमच्या बँकेत एखादा शेतकरी असा कागद घेऊन आला असता, तर मॅनेजरसाहेबांनी त्याला आधी चहा पाजून घरी पाठवला असता.

दिवस चौथा

न्याहारीला माहामरी, वेलची घातलेले फुगीर वडे, आणि नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे. कोकणातल्या माणसानं इथे येऊन परत जाऊच नये.

जावयांच्या ओळखीचे एक क्लिअरिंग एजंट बंदराकडे घेऊन गेले. वयानं माझ्याएवढे, गुजराती, चौथी पिढी. त्यांनी सगळी गोष्ट गाडी चालवता चालवता सांगितली, आणि ती मला त्या करारांपेक्षा लवकर समजली.

रेल्वे बांधताना हिशोब असा मांडला की वर्षाला २ कोटी २० लाख टन माल वाहील. कर्ज मालानं फेडायचं, उतारूंच्या तिकिटांनी नव्हे. तेव्हा बंदर खात्याकडून लिहून घेतलं की ठरावीक माल रेल्वेला द्यायचाच, नाही दिला तरी भाडं भरायचं. पण व्यापारी रेल्वेकडे वळेनात. ट्रक बंदरातून निघाला की थेट गोदामाच्या दारात उभा राहतो. रेल्वेनं माल नैरोबीच्या एम्बाकासी डेपोपर्यंत जातो, तिथून परत ट्रक करायचा, परत हमाली, परत वाट बघा. सांगितलेल्या टनांच्या निम्मा मालही कधी आला नाही. मग ऑगस्ट २०१९ मध्ये हुकूम निघाला : आतल्या भागात जाणारा आयातीचा कंटेनर रेल्वेनंच जाईल.

"आणि गावाचा श्वास गेला," ते म्हणाले. ट्रकवाले, क्लीनर, टायरवाले, कंटेनर उतरवणारे, त्यांना जेवण घालणाऱ्या बायका. मोंबासा हे बंदरावर जगणारं गाव. दर सोमवारी काळे कपडे घालून मोर्चे निघू लागले. 'ओकोआ मोंबासा', मोंबासा वाचवा. अश्रुधूर झाला, पकडापकडी झाली, आणि ऑक्टोबरात सरकारनं हुकूम थांबवला. पण दबाव राहिलाच. २०२२ च्या सप्टेंबरात रुटो यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी मालाची सोडवणूक मोंबासाला परत देण्याची घोषणा केली. निवडणुकीचा तो मोठा मुद्दा होता.

मी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "तारण काय दिलंय?"

ते हसले. २०१८ च्या अखेरीस बातमी फुटली होती की हप्ते थकले तर बंदरच चिनी बँकेच्या घशात जाईल. दोन्ही सरकारांनी ते नाकारलं. "खरं असो नसो, इथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर लोकांनी ते खरं धरलं. कागद लपवलात की लोक स्वतःच कागद लिहितात." मला आमच्या बँकेतल्या एका पतपेढी प्रकरणाची आठवण झाली, पण तो विषय नको.

लोक कोर्टातही गेले. ओकिया ओम्टाटा हे कार्यकर्ते, नंतर सिनेटर झाले, ते आणि वकिलांची संघटना २०१४ पासून लढत होती की एवढं कंत्राट निविदा न काढता दिलंच कसं. २०२० मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं, रेल्वे महामंडळानं खरेदीचा कायदा पाळला नाही. तोवर गाडी तीन वर्षं धावत होती. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं.

दुपारी जुनं मोंबासा स्टेशन बघायला गेले. गावाच्या ऐन मध्यात, बाजारापासून चालत जावं इतकं जवळ. तिथली उतारूंची गाडी २०१७ मध्ये बंद झाली. नवं स्टेशन मिरिटिनीला, पाण्यातल्या तरंगांसारखी गोल गोल इमारत, पण तिथून गावात यायला मटाटू, म्हणजे इथली शेअरची मिनीबस, नाहीतर रिक्षा. फोर्ट जीझसही पाहिला. पोर्तुगीजांचा. वसईचा किल्ला जवळ असणाऱ्यांना त्याचं फार कौतुक वाटत नाही.

दिवस पाचवा

परतीला मुद्दाम बस घेतली. बहीण फोनवर ओरडली, पण मला तो रस्ता बघायचा होता.

मारियाकानीला ट्रकांचा वजनकाटा, तिथे ट्रकांचं जंगल. मग व्होई. मग दुपारी म्टिटो अंडेई, मोंबासा आणि नैरोबीच्या बरोबर मधलं गाव. आपल्या जुन्या पुणे रस्त्यावर एक्स्प्रेस-वेच्या आधीचं खोपोली आठवा : सगळ्यांनी थांबायचं, खायचं, निघायचं, आणि त्यावर गाव जगायचं. बस वीस मिनिटं थांबली.

मी ज्या खाणावळीत शिरले तिची मालकीण पन्नाशीची. सगळे तिला 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. मागे लॉजच्या बारा खोल्या, पैकी आठांना कुलूप. चहा देता देता बोलली. ट्रकवाले रात्री थांबायचे. एक ट्रक म्हणजे दोन माणसं, दोन उगालीची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याची ताटं, भाजी, मटण, आंघोळीचं गरम पाणी, सकाळचा चहा, एखादं पंक्चर. एका ट्रकवर गावात पाच हात चालायचे. २०१९ ला ट्रक कमी झाले तेव्हा पलीकडच्या दोन लॉज बंद पडल्या, तिच्या भावाचं गॅरेज गेलं. मागून ट्रक आले परत, "पण माणसं एकदा नैरोबीला गेली की येतात का परत?"

"इथे रेल्वेचं स्टेशन आहे ना?"

"आहे की. गाडी थांबते. उतरतो तो इथलाच पोरगा, घरी जेवायला जातो. गाडीतला माणूस गाडीतच खातो."

कर्ज, चीन, करार यातलं ती एक अक्षर बोलली नाही. साखरेचा भाव बोलली, तेलाचा बोलली. मी चहाचे पैसे देऊ लागले तर घेईना. भारतातून एवढ्या लांब येऊन माझ्या गावाची चौकशी केलीस, म्हणाली. बसनं हॉर्न दिला. मी पैसे बशीखाली ठेवून पळाले.

दिवस सहावा

पाय सुजले. घरी. बहिणीनं पुरणपोळ्या केल्या.

जेवताना जावयांनी मला पकडलं. "ताई, तुम्ही इथलं बघताय, पण तुमच्या विरारलाही बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार ना?" होणार. मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी, बहुतेक पैसा जपानचं कर्ज. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पंधरा वर्षं सवलत. कर्ज म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही, केनियाचं कर्ज त्याच्या पासंगालाही पुरत नाही इतकं ते नरम आहे. पण पालघरला मामांच्या वाडीत मोजणीवाले आले तो दिवस मला आठवतो. झाडांना नंबर घालून गेले. मामा म्हणाले होते, "झाडांना नंबर दिला, मला नावानं हाक पण नाही मारली." त्या नर्सिंगच्या मुलीपाशी मी हे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दिवस सातवा

शेवटचं टोक बघायचं होतं. रेल्वे नैरोबीला थांबली नाही, पुढे १२० किलोमीटर नेली, आणखी दीड अब्ज डॉलर कर्ज काढून. शहराला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानातून सहा किलोमीटरच्या उंच पुलावरून ती जाते. त्यावरूनही निसर्गवाले भांडले, खाली जिराफ आणि वर मालगाडी. तिकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीची वेळ जमेना म्हणून बहीण आणि मी मटाटूनं गेलो. घाटात दरी अशी उघडते की बोलणं बंद होतं. समोर लोंगोनोटचा ज्वालामुखी, खाली पिवळं गवत. रस्त्याकडेला एक चिमुकलं चर्च, महायुद्धातल्या इटालियन कैद्यांनी बांधलेलं.

पायथ्याला माय महियू. एप्रिल २०२४ मध्ये इथे रात्री पाण्याचा लोंढा आला आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. वरच्या बाजूला जुन्या इंग्रजी रेल्वेचा भराव आहे, त्याच्या खालची पाण्याची वाट गाळानं, झाडांनी तुंबली, पाणी साठलं, आणि फुटलं. दगडगोटे अजून पडले आहेत. मटाटूतले लोक बोट दाखवून गप्प झाले.

तिथून सुस्वा. माळावर एक मोठं, नवं, झकास स्टेशन, आणि आजूबाजूला मसाईंच्या गाई. ऑक्टोबर २०१९ मध्ये ही गाडी इथवर आली. खरं तर ती किसुमूला जायची होती, तिथून युगांडाच्या सरहद्दीवर मलाबाला. त्यासाठी २०१९ च्या एप्रिलमध्ये उहुरू बीजिंगला गेले आणि रिकाम्या हातानं परतले. मग तोड निघाली ती अशी, की इंग्रजांचा जुना मीटर गेज रूळ डागडुजी करून घ्यायचा आणि नव्या रुळाला जोडायचा. नव्या गाडीतून कंटेनर उतरवायचा, जुन्या अरुंद गाडीवर चढवायचा, आणि वेड्यांच्या रेल्वेवरून पुढे पाठवायचा. आमच्या खात्यात याला कर्जाचं पुनर्गठन म्हणतात. रूळांचंही होतं हे माहीत नव्हतं.

कुंपणाबाहेरून बघत होते, तर गणवेशातला पहारेकरी आला. तरुण, हातात काठी.

"फोटो नाही काढायचा, मामा."

"नाही काढत. शेवट बघायला आले."

"शेवट नाही हा," तो जरा दुखावून म्हणाला. "पुढे जाणार आहे. सरकार म्हणतंय, यंदा किंवा पुढच्या वर्षी. किसुमूपर्यंत."

"तू कुठला?"

"किसुमूचा."

"मग घरी कसा जातोस?"

त्यानं काठीनं रस्त्याकडे दाखवलं. आमचंच मटाटू परत भरत होतं, कंडक्टर दारावर हात आपटून ओरडत होता.

"नारोकला बदलायचं," तो म्हणाला, "मग परत एकदा बदलायचं. लवकर जा, मागच्या सीटवर पाय मावत नाहीत."